गाड्या थांबल्यावर

केनेडी ब्रिजजवळच्या इम्पीरियल फिल्म कंपनीच्या स्टुडिओत 1931 च्या मार्चआधीचे काही महिने एकाच तारखेत दोन कामाचे दिवस बसवले जात होते. एक उन्हाबरोबर सुरू होऊन उन्हाबरोबर संपे. त्यात मूकपट तयार होत. दुसरा मध्यरात्र उलटल्यावर एकच्या सुमाराला सुरू होई आणि चारला आटपे. या दुसऱ्या दिवसात ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला पूर्ण लांबीचा बोलपट तयार झाला: एक राजवाडा, दोन सवती राण्या, तुरुंगात टाकलेला सेनापती, भटक्यांमध्ये वाढलेली त्याची मुलगी आणि तिच्या प्रेमात पडलेला राजपुत्र. चार महिन्यांहून जास्त काळ हे चाललं होतं. पुढे मांडलेला दिवस कुठल्याही एका तारखेचा नाही. त्या महिन्यांतला कुठलाही दिवस साधारण याच क्रमाने जाई.

सकाळी 8

रात्रीची माणसं झोपलेली असतात तेव्हा दिवसपाळीची कामाला लागतात. इम्पीरियलचे मूकपट थांबलेले नव्हते. बोलपटाचा प्रयोग फसला तर कंपनी त्यांच्यावरच तगणार होती. मूकपटाच्या सेटवर शांततेची गरजच नसे. दिग्दर्शक टेक चालू असतानाही ओरडून सूचना देई: आता मागे बघ, आता तलवार उपस, आता रड. शेजारी सुतार पुढच्या सेटचे खांब ठोकत असला तरी कुणी त्याला थांबवत नसे. ऊन हाच मुख्य दिवा. ते पांढऱ्या कापडातून गाळून घ्यायचं, चकचकीत पत्र्यांनी परतवून नटाच्या चेहऱ्यावर टाकायचं, आणि ढग आला की विडी पेटवून वाट पाहायची.

कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरे, आणि साहसपटांचं अर्धं यश त्या हातात असे. घोडा दौडत असेल किंवा नायक तटावरून उडी घेत असेल, तर कॅमेरामन दांडा जरा सावकाश फिरवी. तेवढ्याच वेळात कमी चौकटी टिपल्या जात आणि पडद्यावर तीच दौड जास्त वेगाची भासे. मास्टर विठ्ठल यांना लोक भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत, ते त्यांच्या अंगातल्या चपळाईमुळे तर खरंच, पण त्या चपळाईला कॅमेरामनच्या मनगटाचीही साथ होती. लहानपणी नाटक मंडळीतून सुरुवात, मग कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, तिथून मुंबईच्या शारदा कंपनीत घोडा, तलवार आणि दोरखंड. मराठी मुलखातून वर आलेला हा साहसपटांचा मोठा तारा होता. रात्रीच्या चित्रपटाचे नायक तेच.

रात्रीचा कॅमेरा मात्र हाताने फिरवता येत नव्हता. आवाजासाठी फिल्म सेकंदाला 24 चौकटी या एकाच वेगाने, मोटारीवर, जराही न डगमगता धावावी लागते. वेग हलला की गळा हलतो. मनगटाची ती लबाडी एका रात्रीत हद्दपार झाली. बोलपट आला तेव्हा चित्रपटाला काय मिळालं ते सगळे सांगतात. विठ्ठलांची दौड त्यात गेली, हेही सांगायला हवं असं मला वाटतं.

दुपारी 1

अर्देशीर इराणी हे कंपनीचे मालक आणि या चित्रपटाचे दिग्दर्शक. जन्म 1886 चा, पुण्याचा. वाद्यं आणि फोनोग्राफ विकण्याचा धंदा त्यांनी केला होता. पुढे अब्दुलअली यूसुफअली यांच्या भागीदारीत चित्रपटगृहं चालवली; गिरगावातलं मॅजेस्टिक याच दोघांचं. यंत्रातून निघणारा आवाज ऐकायला गिऱ्हाईक पैसे मोजतं, आणि पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक कशाने हलतो, या दोन्ही गोष्टी त्यांनी दुकानात आणि थिएटरच्या दारात उभं राहून शिकल्या होत्या. एक्सेलसियर थिएटरात त्यांनी युनिव्हर्सल कंपनीचा ‘शो बोट’ पाहिला. तो पुरता बोलपटही नव्हता, जेमतेम चाळीस टक्के बोलत होता. तेवढ्यावर त्यांनी ठरवलं की आपला चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलेल.

दुपारचे तास अशा माणसाचे कचेरीत जातात. कलकत्त्याची मदन थिएटर्स ही तेव्हाची बलाढ्य कंपनी; तिचा ‘शिरीन फरहाद’ही बोलपट म्हणूनच तयार होत होता. म्हणून इम्पीरियलमध्ये गुप्तता पाळली जात होती. शिवाय विठ्ठलांचा शारदा कंपनीशी करार होता. तो मोडून ते इम्पीरियलकडे आले म्हणून खटला उभा राहिला, आणि विठ्ठलांची बाजू मांडायला मुंबईतले नामांकित बॅरिस्टर मोहम्मद अली जिना उभे राहिले. खटला विठ्ठलांच्या बाजूने लागला.

खर्चाचा हिशेब याच वेळेत बघायचा. आवाज मुद्रित करणारं टॅनार यंत्र परदेशातून आणलं होतं. ते जोडून द्यायला विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तंत्रज्ञ आले, त्यांचा मेहनताना दिवसाला 100 रुपये. अख्खा चित्रपट सुमारे 40,000 रुपयांत झाला असं सांगतात. त्या हिशेबात रोजचे शंभर परवडणारे नव्हते. इराणींनी डेमिंगकडून यंत्राची मूळ माहिती करून घेतली आणि रुस्तम भरुचा यांना जोडीला घेऊन ध्वनिमुद्रण स्वतःच्या हातात घेतलं. म्हणजे रात्री एक वाजता ज्याचं लक्ष नटांवर हवं, त्याचाच कान यंत्राला लागलेला असे. भारतीय बोलपटाचा पहिला ध्वनिमुद्रक हा त्याचा दिग्दर्शकच होता. हे अडचणीपोटी झालं, तरी मला ते या चित्रपटाचं भाग्य वाटतं. काय बोलायचं आणि ते कसं ऐकू येतंय, हे दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात होतं.

दुपारी 4

तालीम. या तासांना मूकपटाच्या काळात फारसं स्थान नव्हतं. नटाला प्रसंग सांगितला, जागा दाखवली, की काम भागे. आता मात्र जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकातले संवाद तोंडपाठ हवे होते. डेव्हिड हे पारशी रंगभूमीचे नाटककार. त्यांची भाषा मागच्या बाकावरच्या प्रेक्षकापर्यंत पोचायला घडवलेली, उर्दूच्या ठसक्याची. ती भाषा आता हाताच्या अंतरावर लपवलेल्या मायक्रोफोनपुढे बोलायची होती.

प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. झुबेदा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर, पण मूकपटांत मुरलेल्या. आई फातमा बेगम या स्वतः चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या, त्यामुळे कॅमेरा घरचाच. त्यांना बोलायचंही होतं आणि गायचंही. पेशावरहून आलेले पृथ्वीराज कपूर यांचं वय चोविसाच्या आसपास, आणि भूमिका सेनापती आदिलची, म्हणजे नायिकेच्या बापाची! त्यांचा आवाज भरदार होता आणि जबान साफ. मूकपटात ही दोन्ही भांडवलं पेटीत बंद होती. इथे ती पहिल्यांदा बाहेर निघाली. लहानशा भूमिकेत एल. व्ही. प्रसाद होते, जिल्लू आणि सुशीला होत्या, जगदीश सेठी होते.

अडचण होती ती खुद्द नायकाची. विठ्ठलांची मराठी जीभ उर्दू संवादांना वळत नव्हती. चित्रपट-इतिहासकार नोंदवतात की म्हणून त्यांच्या राजपुत्राला बऱ्याच प्रसंगांत गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवलं गेलं. ज्या माणसासाठी कोर्टाची पायरी चढली, ज्याच्या नावावर तिकीट खपणार, त्यालाच पहिल्या बोलपटात कमीत कमी बोलायला लावायचं. हे लिहिताना मला वाईट वाटतं. तालमीच्या त्या तासांत इतरांचे संवाद घोटून घेतले जात असताना हा माणूस तिथेच बसलेला असणार. देह घोड्यावर उडी मारायला तयार, आणि गोष्ट त्याला पलंगावर निजवते आहे.

संगीताची तालीमही तेव्हाच. फिरोजशहा मिस्त्री यांचं संगीत, सात गाणी, साथीला पेटी, तबला आणि फार तर एखादं व्हायोलिन. आधी गाणं मुद्रित करून मग त्यावर ओठ हलवायची सोय तेव्हा नव्हती. जो पडद्यावर दिसणार त्यानेच, तिथेच, त्याच क्षणी गायचं. तालीम या शब्दाचा वजनदार अर्थ इथे लागू होतो, कारण ध्रुपदापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत कुठेही सूर गेला, ठेका चुकला किंवा नजर भलतीकडे वळली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी 7

ऊन गेलं, मूकपटवाले घरी गेले. आता सेटवर मायक्रोफोन लपवायचे.

हॉलीवूडमध्ये मायक्रोफोन लांब दांड्याच्या टोकाला टांगून नटाच्या डोक्यावर फिरवायची पद्धत तोवर रुळू लागली होती. इम्पीरियलमध्ये तसा दांडा नव्हता. मायक्रोफोन जिथे ठेवला तिथेच राहणार, आणि तो कॅमेऱ्याला दिसता कामा नये. इराणींनी पुढे सांगून ठेवलं आहे की कल्पनाही येणार नाही अशा जागी त्यांना ते दडवावे लागत. मग सेटची मांडणी डोळ्यापेक्षा कानाच्या सोयीने होऊ लागली. झुबेदांनी इथे उभं राहायचं, कारण मायक्रोफोन इथे आहे. चालत जाऊन बोलायचं असेल तर चालून आधी थांबायचं आणि मग तोंड उघडायचं. राण्यांनी भांडायचं ते एकाच जागी. पात्रं उगाच खांबाला टेकून किंवा फुलदाणीजवळ येऊन बोलताना दिसली तर नवल नको. त्या काळच्या जगभरच्या पहिल्या बोलपटांत हीच गत आहे, आणि समीक्षकांनी त्यांना नाटकी म्हणून हिणवलं आहे. माझ्या मते तो दोष दिग्दर्शकांच्या दृष्टीचा नव्हता. ते एका न हलणाऱ्या यंत्राभोवती माणसं हलवत होते.

वादकांचाही असाच प्रश्न. वेगवेगळे आवाज नंतर एकत्र मिसळता येत नव्हते. गळा आणि साज एकाच वेळी, एकाच पट्टीवर उतरणार. तेव्हा आवाजाचा तोल साधायचा तो अंतराने. पेटी गळ्यावर चढतेय, तर पेटीवाल्याला दोन पावलं मागे सरकवा. तबला ऐकू येत नाही, तर त्याला खांबाच्या आडोशाने पुढे आणा, पण त्याचा खांदा चौकटीत येऊ देऊ नका. आज ध्वनिमुद्रक पट्टी वरखाली सरकवून जे साधतो, ते तेव्हा माणसं उठवून बसवून साधायचं होतं.

आणि मायक्रोफोन सगळंच ऐकतो. दरबाराची गोष्ट म्हणजे जरीची वस्त्रं, बांगड्या, पैंजण, कमरपट्टे. मूकपटात हे सगळं नुसतं चमकायचं, आता ते वाजणार होतं. नटीने हात वर केला की संवादावरून बांगड्यांचा आवाज जायचा. रंगभूषा, वेशभूषा करणाऱ्या माणसांना दागिना कानाने निवडायची वेळ पहिल्यांदा आली.

रात्री 10

जेवणं, चेहऱ्याला रंग, दिव्यांची तपासणी. दिव्यांखाली भिंती तापू लागतात.

रात्री 12

आता वाट पाहायची, ती आगगाड्यांची.

केनेडी ब्रिज ग्रँट रोड आणि चर्नी रोड या स्टेशनांच्या मधे रुळांवरून जातो, आणि स्टुडिओ त्या रुळांना खेटून. स्टुडिओला आवाज अडवणाऱ्या भिंती नव्हत्या. बी.बी.सी.आय. रेल्वेच्या, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या, या मार्गावर 1928 पासून विजेच्या लोकल धावू लागल्या होत्या. 1930 च्या डिसेंबरात मुंबई सेंट्रल स्टेशन उघडलं, लांब पल्ल्याच्या गाड्या तिथेच थांबू लागल्या, आणि वर्ष संपताना कुलाब्याचं जुनं टर्मिनस बंद झालं. म्हणजे ‘आलम आरा’ घडत असतानाच मुंबईची पश्चिम रेल्वे बदलत होती. मेल गाड्या ग्रँट रोडच्या अलीकडेच अडल्या, पण लोकल पुलाखालून तशाच ये-जा करत राहिल्या. शेवटची लोकल गेली की मगच पहिला टेक.

म्हणून रात्री एक ते पहाटे चार. इराणींच्या आठवणीत हीच वेळ येते. चित्रपटाचा इतिहास लिहिताना आपण भांडवल, तंत्र, कलावंत यांची नावं घेतो. रेल्वेच्या वेळापत्रकालाही त्यात जागा द्यायला हवी. हा चित्रपट बंदिस्त सेटवर घडला, कारण बाहेर आवाज होता. तो रात्री घडला, कारण दिवसा गाड्या होत्या. रात्री घडला म्हणून ऊन गेलं आणि सगळी मदार दिव्यांवर आली. साहसाच्या गोष्टीतली मैदानं, डोंगर, घोडदौड हे सगळं आवाजाच्या धाकाने दालनात आलं, आणि धाडस मुख्यतः बोलण्यातून, गाण्यातून दाखवावं लागलं. पुढच्या कित्येक वर्षांच्या हिंदी चित्रपटाला दालनांची आणि गाण्यांची जी सवय लागली, तिला पारशी रंगभूमी कारणीभूत आहेच. पण पहिल्या रात्रींत तिला या रुळांनीही हातभार लावला, असं माझं ठाम मत आहे.

रात्री 1

दारं बंद. पंखे बंद. कुणी हलायचं नाही. दिवसपाळीत ज्या माणसांना टेक चालू असताना बोलायची, ठोकायची, हसायची मुभा होती, तीच माणसं आता श्वास आवरून उभी. दिग्दर्शकालाही टेकमध्ये तोंड उघडता येत नव्हतं. हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. मूकपटाचा दिग्दर्शक नटाला क्षणाक्षणाला शब्दांनी धरून चालवी. आता एकदा कॅमेरा सुरू झाला की नट एकटा. जे सांगायचं ते चार वाजताच्या तालमीत सांगून झालेलं असायला हवं.

प्रसंग समजा वजीर मोहम्मद खान यांचा आहे. फकिराची भूमिका, देवाच्या नावाने दान मागणारं गाणं. हिंदी चित्रपटातलं हे पहिलं गाणं म्हणून ओळखलं जातं. खान दिव्यांच्या झोतात, पेटी आणि तबला चौकटीच्या बाहेर, मायक्रोफोन कुठेतरी दडलेला, आणि इराणी यंत्राशी.

टॅनार यंत्र एकाच फिल्मवर चित्र आणि आवाज दोन्ही टिपत असे. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाची वीज होते, त्या विजेने एक प्रकाश थरथरतो, आणि तो थरथरता प्रकाश फिल्मच्या कडेला एका अरुंद पट्टीत उमटतो. चित्राच्या चौकटी मधे, गळ्याची पट्टी बाजूला. हॉलीवूडच्या मोठ्या कंपन्या आणि कलकत्त्याचे मदन चित्र आणि आवाज दोन वेगळ्या फिल्मवर घेत होते. इम्पीरियलची पद्धत स्वस्त, सुटसुटीत आणि निष्ठुर. आवाज वाईट आला तर चित्रही फुकट गेलं. चित्र चुकलं तर गोड आलेला सूरही टाकून द्यायचा. खानांच्या दोन ओळी अप्रतिम लागल्या आणि तिसऱ्या ओळीला दिवा फडफडला, तर त्या दोन ओळीही गेल्या.

रात्री 2.30

कॅमेऱ्यातलं रीळ संपतं, नवं भरलं जातं, तेवढ्यात खोकणारे खोकून घेतात. उकाड्याने रंग ओघळलेला असतो तो पुन्हा टिपून घ्यायचा. आता झुबेदांचा प्रसंग. बंजाऱ्यांत वाढलेली आलम आरा वाड्यात शिरली आहे.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती नटाच्या अंगात भिनवावी लागत होती. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या नेमकी शेजारी नसते. प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवणारी खिडकी आणि आवाज वाचणारा दिवा यांत अंतर असतं, म्हणून आवाज चित्राच्या साधारण वीस चौकटी पुढे ठेवलेला असतो. संकलकाने चित्राच्या जागी कात्री चालवली की आवाज भलत्याच जागी कापला जातो. दोन वेगळ्या फिल्म असतील तर हे सावरता येतं, एकाच फिल्मवर नाही. उपाय एकच: टेक सुरू झाल्यावर क्षणभर गप्प राहायचं, मग बोलायचं, आणि बोलणं संपल्यावर पुन्हा क्षणभर गप्प. त्या कोऱ्या क्षणात कात्री बसते. संकलन एझरा मीर यांच्याकडे होतं, आणि त्यांच्या सोयीची ही शांतता नटांनी रात्री अडीच वाजता, झोप डोळ्यांवर असताना पाळायची होती. संतापून उत्तर द्यायचं आहे, पण आधी एक क्षण मोजायचा. प्रेमाची कबुली द्यायची आहे, तरी एक क्षण मोजायचा. त्या पिढीचे नट संवादाआधी जो श्वास घेत, त्याचं एक कारण मला या कात्रीत दिसतं.

पृथ्वीराजांचा तुरुंगातला प्रसंगही याच वेळेत. त्यांचा अडसर उलटा: आवाज इतका खुला की जवळच्या मायक्रोफोनला तो पेलणार नाही. रंगभूमीवर जो गळा वरदान, त्याला इथे थोडं दूर उभं करावं लागे.

पहाटे 4

बाहेर पहिली गाडी धडधडत जाते आणि चाललेला टेक मरतो. काम संपलं. उरलेलं उद्या.

दारं उघडतात. 1930 मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ मुंबईत ऐन भरात होती, आणि प्रभातफेऱ्या गल्ल्यांतून गात निघत. त्या गाण्यांचा काळ आणि या चित्रपटाचा काळ एकच. गांधी-आयर्विन करार 5 मार्च 1931 ला झाला, ‘आलम आरा’ त्यानंतर नऊ दिवसांनी लागला. शहरभर माणसं मोठ्याने गाऊन परक्या सत्तेला आव्हान देत होती, आणि शहराच्या एका कोपऱ्यात मूठभर माणसं चित्रपटाला आपल्या बोलीत बोलायला शिकवत होती. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. पण आपल्या भाषेचा आवाज ऐकायला लोक जे तुटून पडले, त्याला हा काळही कारण होता असं मला मनापासून वाटतं.

सकाळी 6

रात्री काय हाती लागलं ते अजून कुणालाच माहीत नाही. टेक झाल्यावर लगेच वाजवून ऐकायची सोय नव्हती. निगेटिव्ह धुवायची, त्यावरून प्रत काढायची, मग प्रोजेक्टरवर लावायची, तेव्हा कुठे कळणार की फकिराचा तिसरा सूर लागला होता की नाही.

आणि धुण्यातही पेच. चित्र चांगलं यायला निगेटिव्ह एका प्रमाणात धुवावी लागते, आवाजाची पट्टी स्वच्छ यायला दुसऱ्या. फिल्म एकच, रसायनाचं भांडं एकच. चेहरा गोजिरा करायला जावं तर आवाज खरखरतो, आवाज नितळ करायला जावं तर चेहरा राठ होतो. रोज पहाटे प्रयोगशाळेतल्या माणसांना मधली वाट काढावी लागे. त्यांची नावं श्रेयनामावलीत कुणी लिहिली नाहीत. या चित्रपटाचा आवाज लोकांपर्यंत पोचला तो त्यांच्या हातातून, म्हणून त्यांची आठवण इथे मुद्दाम काढतो.

14 मार्च 1931, दुपारी 3

मॅजेस्टिकवर पहिला खेळ. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं. तिकिटाच्या रांगेची शिस्त तेव्हा लोकांना नव्हती. खिडकीवर नुसती झुंबड. चित्रपट 10,500 फुटांचा, म्हणजे जवळपास दोन तासांचा. आत लोकांनी काय ऐकलं? फकिराची याचना, राण्यांचा मत्सर, झुबेदांचं गाणं, पृथ्वीराजांचा गळा, आणि नायक विठ्ठल यांचे थोडेच शब्द. आठ आठवडे तो चालला. मदनचा ‘शिरीन फरहाद’ 30 मे रोजी आला, तोवर पहिलेपणाचा मान गेलेला होता.

आज हा चित्रपट नाही. एकही प्रत नाही. गाण्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही तेव्हा निघाल्या नाहीत, त्यामुळे सातही गाण्यांचा मूळ आवाज गेला. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये उभं राहिलं, आणि तिथले पी. के. नायर यांनी ‘आलम आरा’चा खूप माग काढला. इराणींच्या घरापर्यंत ते पोचले, तर कळलं की उरलेली रिळं चांदी काढून घेऊन टाकून दिली गेली. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असतो आणि भंगारात तिला भाव मिळतो. ज्या शांततेसाठी माणसं चार महिने रात्रीचे तास गाड्यांच्या फटीतून काढत होती, तिच्यातून उमटलेला आवाज चांदीच्या भावाने गेला, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

इम्पीरियलच्या रात्री मात्र थांबल्या नाहीत. त्याच सेटवर एच. एम. रेड्डी यांनी ‘कालिदास’ केला. त्यात कुणी तमिळ बोलत होतं, कुणी तेलुगू, कुणी हिंदी, आणि तो 1931 च्या ऑक्टोबरात मद्रासला लागला. ‘आलम आरा’तले छोटे नट एल. व्ही. प्रसाद त्यातही होते. मग 1933 मध्ये इराणींनी अब्दुलहुसेन सेपन्ता यांच्याबरोबर ‘दुख्तर-ए-लोर’ हा पहिला फारसी बोलपट मुंबईत काढला. दरोडेखोरांच्या टोळीत अडकलेली गुलनार आणि तिला सोडवणारा जाफर यांची ती प्रेमाची आणि धाडसाची कथा. तो इराणमध्ये गाजला, आणि त्याची प्रत टिकली. इम्पीरियलचा आवाज ऐकायचा असेल तर तिथे ऐकता येतो.

त्यातली नायिका रूहअंगीझ सामीनेझाद केरमान प्रांताकडची, आणि तिच्या बोलण्यात तिकडचा ठळक हेल होता. इराणी आणि सेपन्ता यांनी तिला गप्प बसवलं नाही. तिचा हेल कथेत बसावा म्हणून त्यांनी कथाच तिच्या बोलीला साजेशी फिरवून घेतली.